हेरोकूसारखा प्लॅटफॉर्म की स्वतःचा व्हीपीएस?

रावेरच्या एका मित्राचं केळीभावाचं ॲप तयार आहे. ठेवायचं कुठे, यावर गाडी अडलीय: हेरोकूसारख्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे ॲप चालवायची सगळी व्यवस्था तयार देणाऱ्या सेवेवर, की व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याने घेऊन आपणच सांभाळायच्या आभासी सर्व्हरवर?

आधी खर्च. हेरोकूने नोव्हेंबर 2022 मध्ये फुकटचा प्लॅन बंद केला. तिथे ॲपचं बिल वेगळं, डेटाबेसचं वेगळं. व्हीपीएसला महिन्याची ठरलेली रक्कम, त्यात दोन-चार छोटी ॲप आरामात मावतात.

मेहनतीत चित्र उलटं. प्लॅटफॉर्मवर गिट पुश केलं, म्हणजे एका आज्ञेने कोड वर पाठवला, की झालं. व्हीपीएसवर डोक्कू (हेरोकूसारखी सोय देणारं सॉफ्टवेअर) टाकलं तर पुश तसंच चालतं, पण सुरक्षा अपडेट, बॅकअप, लॉगने (ॲपच्या नोंदींनी) भरलेली डिस्क हे सगळं आपल्याच गळ्यात. ऐन हंगामात पहाटे सर्व्हर बसला तर व्यापाऱ्यांचे फोनही आपल्यालाच.

राहिली सोडून जायची सोय. 2013 साली डॉकर, म्हणजे ॲप त्याच्या सगळ्या गरजांसह एका डब्यात बांधणारं साधन, आलं आणि इथला दोघांमधला फरक बराचसा मिटला. डॉकरफाइल (तो डबा कसा बांधायचा याची कृती) नीट असेल तर ॲप कुठेही हलवता येतं. पाय अडकतो तो डेटाबेसमध्ये. होस्टिंग आता किराणा मालासारखं झालंय. पुढची चढाओढ डेटाबेस अन् जोडसेवांवर होईल, असं मला वाटतं.

लिनक्स (सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टीम) हाताखालचं असेल, ॲप तीन-चार असतील, तर व्हीपीएस. एकटा माणूस, वर गिऱ्हाईकही सांभाळायचं, तर प्लॅटफॉर्म. रावेरकराने तोच घ्यावा, फक्त डॉकरफाइल पहिल्या दिवसापासून ठेवावी.