हॅम्पडेनचं फुटबॉल म्युझियम: एका कपासाठी वाट वाकडी करावी असं ठिकाण

स्कॉटलंडला फिरायला गेलेली आपली मंडळी एडिंबराचा किल्ला बघतात, नेसच्या सरोवरावर फोटो काढतात आणि ग्लासगोत रात्रीपुरती टेकून पुढच्या गाडीला बसतात. फुटबॉलची थोडी जरी आवड असेल, तरी ग्लासगोतला एक अर्धा दिवस हॅम्पडेन पार्कसाठी मोकळा ठेवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. या स्टेडियमच्या पोटातच स्कॉटिश फुटबॉल म्युझियम आहे. मी त्याला पाचपैकी पाच देतोय, आणि त्यातले निम्म्याहून जास्त गुण तिथल्या एकाच काचेच्या पेटीचे आहेत.

त्या पेटीत स्कॉटिश कप आहे, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय बाद स्पर्धेचा. नक्कल नव्हे, अस्सल. १८७३ साली ग्लासगोच्या जॉर्ज एडवर्ड अँड सन्स या चांदीकाम करणाऱ्या पेढीने घडवलेला.

मी कोल्हापूरचा. शाळेत खेळ शिकवण्यात हयात गेली, आणि पेठेतल्या फुटबॉलमध्ये त्याच्याही आधीपासून आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही संघांची नावं ऐकली की ज्याचे कान टवकारतात, त्या गावातला माणूस. मुलगी नोकरीनिमित्त ग्लासगोत असते, म्हणून तिकडे राहणं झालं. बाद पद्धतीच्या मॅचवर पोसलेल्या माणसाला त्या कपापुढे काय वाटलं, ते सांगण्यासाठी हे लिहितोय.

जायला सोपं आहे. ग्लासगो सेंट्रलवरून लोकल पकडायची, माउंट फ्लोरिडा स्टेशनला उतरायचं, पुढे थोडं चालायचं. आजूबाजूला दगडी बांधणीच्या जुन्या चाळवजा इमारती, आणि त्यांच्या मधोमध एकदम स्टेडियम. म्युझियम आणि स्टेडियमची फेरी असं एकत्र तिकीट मिळतं, तेच घ्या. मॅचच्या दिवशी फेरी नसते, म्हणून जाण्याआधी वेळापत्रक पाहून घ्या.

आता कप. नातीने पेटीपुढे उभी राहून पहिला प्रश्न केला, "आबा, एवढाच?" खरंच, अर्ध्या मीटरच्या आसपास उंची, दोन नाजूक कान, वर झाकण. आपल्याकडे गल्लीतल्या सेव्हन-अ-साइडलासुद्धा याच्या दुप्पट उंचीचा कप देतात. पण जगात आजही खेळल्या जाणाऱ्या कुठल्याही राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचा याच्याहून जुना कप शिल्लक नाही. इंग्लंडची एफए कप स्पर्धा दोन वर्षांनी जुनी आहे, १८७१-७२ ची. पण तिचा मूळ कप १८९५ मध्ये बर्मिंगहॅममधल्या एका दुकानाच्या खिडकीतून चोरीला गेला. ॲस्टन व्हिलाने जिंकला होता आणि लोकांना बघायला म्हणून तिथे मांडला होता. तो पुन्हा मिळालाच नाही. स्कॉटलंडचा कप मात्र पहिल्या दिवसापासून तोच आहे. वर्षातून एकदा तो पेटीतून निघतो, घासूनपुसून लखलखीत होतो, अंतिम सामन्यानंतर विजेत्यांच्या हातात जातो, आणि समारंभ उरकला की परत इथेच येतो. क्लब घरी नेतो ती नक्कल.

मला हीच व्यवस्था सगळ्यात जास्त पटली. नुसतं जपून ठेवलेलं नाही, वापरातही आहे. १८७४ मध्ये जे हातात धरलं गेलं, तेच २०२५ मध्येही धरलं गेलं.

सुरुवात वर्गणीतून झाली. मार्च १८७३ मध्ये ब्रिज स्ट्रीटवरच्या ड्यूअर्स हॉटेलात सात क्लबांची माणसं जमली, आठव्या किल्मार्नॉकने पत्राने होकार कळवला, आणि स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन उभी राहिली. कपासाठी पैसे क्लबांनीच काढले. पहिल्या वर्षी सोळा संघ उतरले. २१ मार्च १८७४ ला अंतिम सामन्यात क्वीन्स पार्कने क्लाइड्सडेलला २-० ने हरवलं. हा क्वीन्स पार्क म्हणजे विलक्षण प्रकरण. १८६७ ची स्थापना, 'खेळासाठी खेळ' हे ब्रीद, आणि थेट २०१९ पर्यंत एकाही खेळाडूला पगार नाही. तरीही कप दहा वेळा जिंकलेला. हॅम्पडेन हे मैदानसुद्धा त्यांचंच होतं, २०२० मध्ये असोसिएशनने ते विकत घेतलं. आणि हा क्लब इतिहासजमा झालाय असं समजू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या याच क्वीन्स पार्कने कपाच्या सामन्यात ग्लासगोच्याच बलाढ्य रेंजर्सला त्यांच्या आयब्रॉक्स मैदानावर १-० ने बाहेर काढलं. शेवटच्या मिनिटांत रेंजर्सला पेनल्टी मिळाली होती, ती गोलकीपरने अडवली. आमच्या शाहू स्टेडियमवर असं काही झालं असतं, तर त्या रात्री मिरजकर तिकटीला कुणाला डोळा लागला नसता.

विजेत्यांची यादी सावकाश वाचा, घाई करू नका. सेल्टिक आणि रेंजर्स ही ग्लासगोतल्या दोन बड्या क्लबांची नावं पुढे इतक्या वेळा येतात, की डोळे सरावतात. खरी गंमत पहिल्या पंधरा वर्षांत आहे. १८७७, १८७८, १८७९: व्हेल ऑफ लेव्हन, सलग तीन वेळा. १८८३: डम्बार्टन. १८८५ आणि १८८८: रेंटन. ही गावं नकाशावर शोधलीत तर सगळी लेव्हन नदीच्या काठाने सापडतील, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे कापड रंगवण्याचे आणि छापण्याचे मोठे कारखाने होते. 'टर्की रेड' नावाचा पक्का लाल रंग ही त्यांची खासियत. त्या लाल कापडावर मोर आणि वेलबुट्ट्या छापून ते हिंदुस्थानात पाठवलं जायचं, मुंबईच्या बाजारातही यायचं. म्हणजे आपल्या पणजीच्या ट्रंकेतलं लाल छापील कापड आणि स्कॉटिश कपावरची तीन सलग नावं एकाच नदीच्या पाण्यातून आलेली असू शकतात. हे कळल्यावर मी त्या नावापुढून बराच वेळ हललो नाही.

व्हेल ऑफ लेव्हनच्या या कामगारांच्या संघाने डिसेंबर १८७६ मध्ये क्वीन्स पार्कला कपातून बाहेर काढलं. स्थापनेपासून तोवर स्कॉटलंडमधल्या एकाही संघाने क्वीन्स पार्कला हरवलेलं नव्हतं. अंतिम फेरीत रेंजर्सशी दोनदा बरोबरी झाली आणि तिसऱ्या सामन्यात ३-२ ने निकाल लागला. दोन वर्षांनी पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले. मॅच १-१ सुटली, रेंजर्सचा एक गोल नाकारला गेला होता, म्हणून रागाने ते दुसऱ्या सामन्याला उतरलेच नाहीत. कप व्हेल ऑफ लेव्हनला गेला. पुढे रेंटनने तर १८८८ मध्ये कप जिंकून, त्याच वर्षी इंग्लंडचा कपविजेता वेस्ट ब्रॉमविच अल्बियनलाही हरवलं आणि स्वतःला जगज्जेते जाहीर केलं. खेडेगावाचा संघ! स्कॉटलंडमध्ये १८९३ ला पगारी खेळाला मान्यता मिळाली, पैसा मोठ्या शहरांत गेला, आणि नदीकाठची ती गावं यादीतून कायमची पुसली गेली. क्रीडाशिक्षक म्हणून सांगतो, फुटबॉलचा इतिहास कुणाला एका कागदावर समजावायचा असेल, तर ही विजेत्यांची यादी पुढ्यात ठेवावी.

आर्ब्रोथची गोष्ट मुलांना घेऊन गेलात तर जरूर सांगा. १२ सप्टेंबर १८८५, कपाची पहिली फेरी, आर्ब्रोथ ३६, बॉन ॲकॉर्ड ०. जॉन पेट्री नावाच्या कोवळ्या पोराने एकट्याने १३ गोल मारले. रेफ्रीने आणखी काही गोल नाकारले, तेव्हा हा आकडा. आणि त्याच दिवशी डंडी हार्पने ॲबर्डीन रोव्हर्सवर ३५ गोल केले. माझ्या नातीला यापुढे बाकी सगळं फिकं वाटलं.

१९०९ साली मात्र विजेताच नाही. सेल्टिक आणि रेंजर्स, अंतिम सामना २-२, पुन्हा खेळवला तर १-१. लोकांना वाटलं जादा वेळ मिळणार, पण नियमात तो नव्हता. खेळाडू आत निघून गेले आणि लोक मैदानात घुसले. तिकिटाच्या लाकडी खोक्यांना आगी लावल्या, बंबवाल्यांशी मारामाऱ्या झाल्या. शेवटी त्या वर्षी कप कुणालाच दिला नाही. आमच्याकडेही मैदानावर काय काय होतं ते मी जवळून पाहिलंय. म्हणून हे वर्ष लपवून न ठेवता इतिहासात जसंच्या तसं ठेवलंय, याचं मला फार कौतुक वाटलं. स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येकाने हे बघावं.

कपाच्या पेटीशीच एडिंबराहून आलेले एक गृहस्थ भेटले. वय माझ्याच आसपास, गळ्यात हिब्सचा, म्हणजे एडिंबराच्या हायबर्नियन क्लबचा, हिरवा-पांढरा मफलर. ग्लासगो-एडिंबराकडचं बोलणं कानाला पटकन लागत नाही, मुलगी मध्ये मध्ये सांगत होती. हायबर्नियनने १९०२ मध्ये कप जिंकला, आणि त्यानंतर ११४ वर्षं नाही. मधल्या काळात अंतिम सामने हरले, पिढ्या गेल्या. २०१६ च्या अंतिम सामन्यात रेंजर्सविरुद्ध ८० व्या मिनिटापर्यंत १-२ ने मागे. हिब्सच्या स्टोक्सने बरोबरी केली, आणि नव्वद मिनिटं संपल्यावरच्या इंज्युरी टाइममध्ये कॉर्नरवर कर्णधार डेव्हिड ग्रेने डोक्याने गोल मारला. ३-२. ते गृहस्थ पेटीवर बोट न टेकवता, हवेतच २०१६ हा आकडा लिहून दाखवत होते. "माझे वडीलही गेले आणि आजोबाही, दोघांनीही हे पाहिलं नाही," एवढं मला मुलीच्या मदतीशिवाय कळलं.

बाकी म्युझियमही चांगलं आहे. १८७२ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्याचं तिकीट आणि टोपी आहे. तो स्कॉटलंड-इंग्लंड सामना पार्टिकमधल्या क्रिकेट मैदानावर झाला होता, ०-० सुटला होता. १९७८ च्या विश्वचषकात आर्ची गेमिलने हॉलंडला मारलेल्या गोलावर एक दालन खर्ची घातलंय. फेरीत ड्रेसिंग रूम, बोगदा, कप स्वीकारायला जातात त्या पायऱ्या, शॉटचा वेग मोजण्याची सोय असं सगळं येतं. मुलांना हे आवडतं. मला विचाराल तर तिथली पंधरा मिनिटं वाचवून कपापुढे घालवा.

आणि बाहेर पडलात की लगेच स्टेशनकडे वळू नका. हे हॅम्पडेन तिसरं आहे, १९०३ चं. दुसरं हॅम्पडेन चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आता त्याला कॅथकिन पार्क म्हणतात. तिथे थर्ड लानार्क खेळायचा, १८८९ आणि १९०५ चा कपविजेता. १९६७ मध्ये क्लब बुडाला. मैदान मात्र आहे. तिन्ही बाजूंनी प्रेक्षकांच्या उतरत्या पायऱ्या तशाच आहेत, गर्दी अडवायचे लोखंडी कठडे आहेत, आणि पायऱ्यांमधून झाडं वर आलीत. तिकीट नाही, फाटक नाही. मी गेलो तेव्हा काही पोरं तिथे बॉल खेळत होती. एका कठड्याला टेकून मी त्यांचा खेळ बघत राहिलो. उजवीकडचा पोरगा डाव्या पायाने छान होता.

पहिलं हॅम्पडेन जिथे होतं, तिथे बोलिंग क्लब आहे. त्याच्या भिंतीवर १८८२ मध्ये स्कॉटलंडने इंग्लंडला ५-१ ने हरवलं त्याचं मोठं चित्र रंगवलंय. त्यात अँड्र्यू वॉटसन शोधा. ब्रिटिश गयानात जन्मलेला हा कृष्णवर्णीय बॅक क्वीन्स पार्ककडून १८८१, १८८२ आणि १८८६ चा स्कॉटिश कप जिंकला होता, स्कॉटलंडचा कर्णधारही होता. त्या काळात!

आपल्याकडच्या फुटबॉलप्रेमींना एक धागा सांगतो. सिमल्यात १८८८ मध्ये ड्युरँड कप सुरू झाला, आपल्या देशातली सर्वांत जुनी स्पर्धा. पहिला अंतिम सामना रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्स आणि हायलँड लाइट इन्फन्ट्री यांच्यात झाला, दोन्ही स्कॉटिश पलटणी. ज्या वर्षी रेंटन इथे कप उचलत होता, त्याच वर्षी त्यांच्याच मुलखातली पोरं आपल्या डोंगरात कपासाठी खेळत होती. तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, मुंबईत रोव्हर्स कप आला. बाद पद्धतीचं वेड आपल्याकडे कुठून आलं, त्याचं एक उत्तर या इमारतीत आहे.

शक्य असेल तर जानेवारीत जा. थंडी कडक असते, पण तेव्हा कपाची चौथी फेरी असते आणि वरच्या श्रेणीचे संघ त्याच फेरीपासून उतरतात. सकाळी म्युझियम बघा आणि दुपारी एखाद्या छोट्या गावाच्या मैदानावर मोठा संघ आला असेल तर तिकडे जा. अशाच फेऱ्यांत २००० साली इन्व्हर्नेसने सेल्टिकला त्यांच्या घरात ३-१ ने लोळवलं होतं, आणि १९६७ मध्ये चिमुकल्या बेरिकने रेंजर्सला १-० ने. सामिष खात असाल तर मध्यंतराला मटणाचं सारण भरलेला गरम 'पाय' (pie) घ्या. शाकाहारी मंडळींनी घरून डबा न्या.