‘नवी पुडी’ म्हणून जुनंच चामडं: शाळांनी तबला दुरुस्तीला देताना सावध राहा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत प्रतिभा कारंजी या शालेय कला-स्पर्धेच्या तोंडावर एक फिरता कारागीर आला. ‘मिरजेचा आहे, तबला-डग्गा नवा करून देतो’ म्हणाला आणि 2,400 रुपये घेऊन गेला. मिरजेचं नाव काढलं की आपल्याकडे पुढची चौकशी होत नाही.

परत देताना एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या) सदस्यांसमोर तबला खणखणीत वाजला. आठवड्याने काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला) लावायला घेतला, तर बाजूचे लाकडी गठ्ठे खाली ठोकून ठोकून थकले, स्वर चढेना. पुडी, म्हणजे वरचं चामड्याचं तोंड, उतरवली तेव्हा उलगडा झाला. गजरा (कडेची चामड्याची वेणी) नवा, चामडं जुनंच! शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) भेगांत डिंक कालवलेला काळा रंग भरला होता. नखाने खरवडला की पापुद्रे निघत होते. देण्याआधी तबला शेकून आणलेला असणार. शेकल्यावर चामड्यातला ओलावा जातो, ते ताणलं जातं आणि स्वर चढतो. खानापूरच्या पावसाळी हवेत तो एका रात्रीत उतरतो.

खरी शाई म्हणजे लोखंडाची पूड आणि खळ यांचे पातळ थर, एकेक करून दगडाने घोटून बसवलेले. तिरप्या उजेडात तिच्यावर बारीक भेगांची जाळी दिसते. सपाट, तेलकट चकाकी दिसली तर शंका घ्या. या शाईच्या वजनामुळेच तबल्याचे उपस्वर मुख्य स्वराशी जुळतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये मांडलं होतं. रंगाने ते साधत नाही.

डग्ग्याचं तर फारच वाईट झालं. दिला तांब्याचा, आला तांब्याचा मुलामा दिलेला लोखंडी. चुंबक लावताच चिकटला.

म्हणून देण्याआधी दोन्ही वाद्यांचं वजन करा, फोटो काढा, तबल्याच्या लाकडी खोडाच्या बुडाला खूण करा. उतरवलेली जुनी पुडी परत मागून घ्या. परत आल्यावर गजऱ्यावर वरून हलके ठोके देत कडेच्या सोळाही घरांवर (चामडी पट्ट्यांमधल्या जागांवर) ‘ना’ हा बोल एकसारखा लावून घ्या (स्वर उतरवायचा तर ठोका खालून), मग दोन रात्री वर्गातच ठेवा. थोडा उतरेल, ते चालतं. पार ढासळला तर उरलेले पैसे देऊ नका.

ढोलकीलाही हीच तपासणी. फक्त धुमेचा, म्हणजे खर्जाच्या बाजूचा, मसाला (लेप) आतून असतो, तो नंतर दिसत नाही. ती पुडी चढवण्याआधीच उलटी करून बघा.