बांबू कोणी विकावा: ठेकेदाराने की ग्रामसभेने?

ठेकेदार आला की पैसा लवकर हातात पडतो, गिऱ्हाईक शोधण्याची कटकटही त्याचीच. पण गावाला मिळते ती फक्त कटाईची मजुरी.

ग्रामसभेची वाट लांबची. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू बाहेर नेऊन विकायला लागणारे वाहतूक परवान्याचे पुस्तक मात्र २०११ मध्ये हाती आले. तोवर गाव टिकले, कारण एकमत होईपर्यंत बोलत बसायची सवय आणि अभ्यासगट तिथे आधीपासूनच रुजलेले होते. माझ्या मते हा एकमेकांवरचा भरवसा हेच गावाचे खरे भांडवल; विक्री, हिशेब, मजुरीवाटप सगळे त्याच्यावर चालते. जिथे गावाच्या दोन टोल्यांत, म्हणजे वस्त्यांत, बोलणेच नाही, तिथे नुसता हक्काचा कागद पुरत नाही. तिथे आधी बैठका सुरू कराव्यात, विक्री नंतर.