एकशेवीस किलोच्या पेट्या, ऐंशी किलो झिंगे

आधी हिशेब सांगतो, कहाणी नंतर. ३१० रुपये किलोने १२० किलो फ्रोझन झिंगे घेतले, ३७,२०० रुपये मोजले. बर्फ सोडला तर त्यात झिंगे होते जेमतेम ऐंशी किलो. म्हणजे ते मला किलोमागे ४६५ ला पडले. त्याच आठवड्यात आमच्या 'मंगळवारी' नावाच्या बाजारात त्याहून मोठा, बर्फातला ताजा झिंगा ४२० ला मिळत होता. ट्रान्सपोर्टचे १,८०० वेगळेच.

नागपुरात माझी छोटी सावजी खानावळ आहे. मटण-चिकन रोजचं, झिंगे शनिवार-रविवारी. इतकी वर्षं माल मंगळवारीतल्या एका मावशीकडून यायचा. तो आंध्रातूनच येतो, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून. पण डबा समोर उघडतो, हात घालून पाहता येतं. मावशीनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "डोकं धरून उचल बाप्पा. लोंबलं का सोडून दे, मी देत असली तरी." समुद्रापासून इतक्या लांब राहून आम्ही मासळीत फारसे फसलो नाही ते या बोटांच्या परीक्षेमुळे. पेटीबंद मालात ही परीक्षाच बाद होते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

गोष्ट सप्टेंबर २०२५ ची. २७ ऑगस्टपासून अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं. आंध्राच्या तळ्यांमधला व्हनामी जातीचा झिंगा सगळ्यात जास्त जायचा तो अमेरिकेतच, त्यामुळे रोज पेपरात आंध्रातल्या शेतकऱ्यांचे हाल. आमच्याकडे तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीत ट्रम्पचा बडग्या, म्हणजे टिंगलीचा पुतळासुद्धा निघाला होता. अशात एक फोन आला. "भैया, कंटेनर कॅन्सल हो गया. अमेरिका का माल है, एकदम ए-वन. इधर ही निकालना है." पुढे व्हॉट्सअॅपवर फोटो: पांढरा कोट घातलेल्या बाया, स्टीलची टेबलं, इंग्रजी छापलेल्या पेट्या. खोटं बोलणाऱ्याला स्वतःची गोष्ट रचावी लागते. याला ती पेपरानं तयार करून दिली होती.

मी साइज विचारला. तो म्हणाला, "थर्टी-वन फॉर्टी काउंट." आमच्याकडे काउंट म्हणजे किलोत किती नग. चाळीस काउंटचा झिंगा चांगला बोटाएवढा जाड असतो, ताटात चार वाढले तरी गिऱ्हाईक खूश. मी मनातल्या मनात मेनूचे भाव बदलूनसुद्धा टाकले. निर्यातीच्या पेटीवरचा काउंट पाउंडावर असतो, हे मला माहीत नव्हतं. पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम. म्हणजे ३१/४० काउंटचे किलोत ६८ ते ८८ नग बसतात. नंतर भांडायला फोन केला तेव्हा त्यानं हेच शांतपणे ऐकवलं, आणि त्या एका मुद्द्यावर तो खरं बोलत होता.

वीस हजार आगाऊ मागितले, यूपीआयवर. नाव आलं ते फर्मचं नाही, कुण्या माणसाचं. बायको बाजूलाच होती. म्हणाली, "अहो, हे दुसऱ्याच कुणाचं नाव दिसतंय." मी म्हटलं, अकाउंटंटचं असेल. हे वाक्य मी कुठून आणलं, मलाच ठाऊक नाही. त्यानं तसं म्हटलंही नव्हतं.

सहा पेट्या आल्या, प्रत्येकीत दोन-दोन किलोचे दहा ब्लॉक. उरलेले पैसे ट्रान्सपोर्टच्या गोदामातच ऑनलाइन भरले. तिथल्या काट्यावर वजन बरोबर भरलं, १२० किलोच्या वरच. नवरात्र तोंडावर होतं, त्या दिवसांत आमची खानावळ अर्धी रिकामी असते, म्हणून पेट्या न फोडता डीप फ्रीजरमध्ये ढकलल्या. जवळपास दोन आठवडे गेले. दसऱ्यानंतरच्या शनिवारी पहिला ब्लॉक काढला.

परातीत ठेवून वरून पाणी सोडलं. बराच वेळ नुसती काच. मधे झिंग्यांचा थर, आणि चहूबाजूंनी बर्फाची भिंत. ब्लॉक सुटला तसं पाणी दुधाळ झालं. चाळणीत निथळून काट्यावर टाकले: १ किलो ३४० ग्रॅम. दुसरा ब्लॉक, १ किलो ३२०. पोरानं नग मोजले, पहिल्यात १०५. कढईत टाकले तर फोडणी विझली. इतकं पाणी सुटलं की सावजी मसाल्याचा रस्सा वरण झाला, आणि झिंगे आकसून वाटाण्याएवढे. पाणी धरून ठेवायला फॉस्फेटच्या द्रावणात भिजवतात, हे नंतर एका केटरिंगवाल्या भावानं सांगितलं. त्या दिवशी झिंग्यांची भाजी मेनूतून काढावी लागली.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर सगळा फ्रोझन माल लबाड वाटेल. झिंग्यावर बर्फाचा पातळ थर मुद्दाम देतात, त्यानं माल सुकत नाही. ब्लॉकमध्येही पाणी भरावंच लागतं. लबाडी बर्फात नाही, बर्फ मासळीच्या भावानं विकण्यात आहे. चांगला कारखाना पेटीवर निव्वळ वजन लिहितो ते बर्फ सोडून. माझ्या पेट्यांवर त्या जागी एक कोरा स्टिकर चिकटवला होता. फ्रीजरमध्ये ठेवताना मी तो पाहिलाही होता.

आणि परवाना क्रमांक. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक चौदा आकडी असतो. माझ्या पेटीवर तेरा होते. चौदा मोजायला दहा सेकंद लागतात, आणि खरा असेल तर त्यांच्या वेबसाइटवर टाकून कुणाचा परवाना ते दिसतं. बिलावरचा जीएसटी नंबरही तपासला. तो निघाला भलत्याच धंद्यातल्या कुणाचा तरी. हे सगळं मी पैसे गेल्यावर केलं. तुम्ही निदान आधी एक ब्लॉक मागवा, वितळवा, निथळवा, मगच भाव बोला. काउंट विचारताना किलोचा का पाउंडाचा ते लिहून घ्या. नमुना द्यायला का-कू करणाऱ्याकडून पेटी घेऊ नका.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, नोंद झाली. पण माल हातात पडला आहे आणि जवळपास दोन आठवडे मी तो उघडलाच नाही, त्यामुळे बाजू लंगडी आहे. वजनाच्या तक्रारीसाठी वैधमापन कार्यालयाचा रस्ता आहे, तिथे अर्ज दिलाय.

मावशीला सांगायची लाज वाटत होती. तिला कळलंच. म्हणाली, "बर्फ घ्यायचा होता तर माझ्याकडे आला असता नं रे." पुढच्या शनिवारी दहा किलो तोलून दिले, डोकं धरून, एकेक.

पुरावा म्हणून चार ब्लॉक न फोडता ठेवलेत. फ्रीजरचा एक कप्पा त्यांनीच अडवलाय. कुणी तपासायला आलंच, तर वितळायला तास-दीड तास लागेल, हेही अर्जात लिहून ठेवलंय.