ओला, सुका आणि तिसरा डबा: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरून झाल्यावर

गेला पावसाळा, मग गणपती, दिवाळी आणि आता हा उन्हाळा. एवढ्या काळात घरातला कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणे तीन भागांत वेगळा करून बघितला. कोल्हापुरात राजारामपुरीतलं तीन मजली अपार्टमेंट, घरात चार माणसं, सकाळी गल्लीत येणारा टिप्पर, म्हणजे कचरागाडी. आधीच सांगून टाकते, पद्धत चालते. डबे कुठले घ्यावेत, कुठल्या रंगाचे घ्यावेत यावर लोक तासभर बोलतात, पण त्याने फार काही होत नाही. सगळा खेळ पाण्याचा आहे. ओल्यातलं पाणी काढलं आणि सुक्यात पाणी जाऊ दिलं नाही, की वास, चिलटं, गळकी बादली या बहुतेक तक्रारी तिथंच संपतात.

ज्यांना नियमच माहीत नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा वेगळा करायची जबाबदारी ज्याच्या घरात तो तयार होतो त्याच्यावर टाकली. कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक, असे तीन भाग. १ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आले आणि त्यात सॅनिटरी कचरा धरून चार भाग आहेत; मी इथं सांगते ते जुन्या तीन भागांचं. ओल्याला हिरवा डबा, सुक्याला निळा, हे रंग रूढ झाले. कचरा रस्त्यावर टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही. झाडांच्या फांद्या आणि बांधकामाचा राडारोडा यांचा हिशेब वेगळा, ते या तिन्हीत येतच नाहीत. कोपऱ्यावरच्या कोंडाळ्यात रात्री-अपरात्री जाऊन काहीही ओतून यायची ज्यांना सवय होती, त्यांना हे जाच वाटणार हे उघड आहे.

डब्यांवर मी फार खर्च केला नाही. ओल्याला झाकणाची साधी बादली, तळाशी जुन्या वर्तमानपत्राची घडी. सुक्याला दाराच्या खुंटीवर अडकवलेली मोठी गोणी. तिसऱ्याला झाकण घट्ट बसणारा छोटा डबा, तोही बाथरूममध्ये उंचावर, पोरांच्या हाताला लागणार नाही असा. बाजारात तीन रंगांचे एकसारखे डबे मिळतात, दिसायला झकास. पण सुका कचरा आकाराने इतका फुगतो की त्या निळ्या डब्यात एका पार्सलचा पुठ्ठाही मावत नाही. गोणीच बरी.

आता ओला कचरा. यात सगळ्यात उपयोगी पडलं ते सिंकमधलं स्टीलचं जाळीदार भांडं. भाजीचे देठ, चहाचा चोथा, ताटातलं उरलंसुरलं, सगळं आधी त्यात. अर्ध्या तासात पाणी निथळतं, मग बादलीत. आमच्या कोल्हापुरी स्वयंपाकात रस्सा म्हणजे पाणी आणि तेल दोन्ही. तांबडा-पांढरा उरला आणि तो तसाच बादलीत गेला, तर सकाळपर्यंत जिन्यात वास सुटतो आणि टिप्परवरच्या माणसाच्या अंगावर गळतो तो वेगळाच. त्यामुळे पातळ पदार्थ गाळून घ्यायचे, चोथा बादलीत. तेलाचा तवंग सिंकमध्येही नको, तो पाइपात थिजतो. कागदाने पुसून कागद ओल्यात टाकायचा.

रविवारची मटणाची हाडं हा स्वतंत्र विषय आहे. नियमाने ती ओल्यातच जातात. पण रविवार दुपार ते सोमवार सकाळ एवढा वेळ ती ठेवायची कुठं? मी सुचवलं, कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवू. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की पुढं विषयच निघाला नाही. आता हाडं धुऊन, वर्तमानपत्राच्या दोन-तीन थरांत बांधून गॅलरीत टांगलेल्या डब्यात ठेवतो. बादली जिन्यात ठेवली तर कुत्री मांजरं रात्रीतच सगळं पांगवतात. आषाढात तर विचारूच नका.

बाकीच्या ओल्याचं मी घरी खत करते. सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही, कारण यात खरी परीक्षा पावसाळ्यातच होते. खाली नळ असलेला एक तयार कंपोस्ट डबा ऑनलाइन मागवला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण तो नळ पहिल्या महिन्यातच चोथ्याने तुंबला आणि तळाशी पाणी साठून आंबूस घाण वास यायला लागला. कारण साधं आहे. ढिगातली हवा संपली की कुजण्याचं काम हवेविना जगणाऱ्या जिवाणूंकडे जातं, आणि वास त्यांचा असतो. शेवटी नळ काढून टाकला, डब्याच्या बाजूंना तापलेल्या सळईने भोकं पाडली, खाली विटा आणि परात ठेवली. तेव्हापासून वास नाही.

दुसरी गोष्ट कोरड्या भरीची. ओला कचरा नायट्रोजनने भरलेला असतो, त्याला जोड कार्बनची लागते. कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या, विटा विकत मिळतात, पण आपल्याकडे त्याची गरज काय? वखारीतला लाकडाचा भुस्सा गोणीभर मिळतो. फक्त प्लायवूडचा घेऊ नका, त्यात डिंक आणि रसायनं असतात. गावाकडून कोणी येत असेल तर उसाचं वाळलेलं पाचट मागवा, बारीक कातरून टाका. रसवंतीची चिपाडंही चालतात, मात्र ती आधी कडकडीत वाळवावी लागतात. ताजी टाकली तर साखरेवर मुंग्यांची रांग लागते. ओल्याचा एक थर, त्यावर मूठ-दोन मूठ भुस्सा, आणि आठवड्यातून एकदा खालवर. जुलैत मात्र हवेतच इतका ओलावा असतो की भुस्सा जवळजवळ दुप्पट लागतो. त्या दिवसांत डब्यात जाड पांढुरक्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या ढीग खाऊन लवकर संपवतात आणि माणसाला काही करत नाहीत. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या बघवत नाहीत. दीड-दोन महिन्यांत खाली काळपट, मातीच्या वासाचं खत तयार होतं. कढीपत्त्याच्या कुंडीला ते मानवलं, गुलाबाने फार काही उपकार मानले नाहीत.

लिंबा-संत्र्याची सालं आणि नारळाच्या करवंट्या लवकर कुजत नाहीत, त्या मी डब्यात घालत नाही. शिजलेलं अन्न, मांस, दूध तर मुळीच नाही.

सुक्या कचऱ्याबद्दल लोकांचा समज असा की हे सोपं काम. मला उलटा अनुभव आला. सुक्यात एक दह्याचा न धुतलेला डबा गेला की बाकीचा कागद, पुठ्ठा सगळा चिकट आणि बुरशीचा. मग तो कुणाच्याच कामाचा नाही. दुधाच्या पिशव्यांचं उदाहरण घ्या. गोकुळची पिशवी रोज घरात येते. ती कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा; तो चिमुकला तुकडा वेगळा झाला की थेट गटारात जाणार. पिशवी आतून धुऊन तारेवर उलटी वाळत घालायची. वाळलेल्या पिशव्यांचा गठ्ठा भंगारवाला हसत घेतो, न धुतलेल्या हात न लावता परत करतो. पुठ्ठ्याचंही तेच. पावसात भिजलेला पुठ्ठा वजनाला भारी आणि भावाला हलका, म्हणून जून ते सप्टेंबर पुठ्ठा कपाटावर.

भंगारवाल्याकडे काय खपतं हे कळल्यावर सुक्यातल्या सुक्यातही भाग पडतात. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या, शॅम्पूचे जाड डबे, पत्रा, वही-पुस्तकं, काचेच्या अख्ख्या बाटल्या यांना भाव आहे. फुटकी काच कोणाला नको. ती जाड कागदात गुंडाळून, वरून मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहून वेगळी द्यावी. दुकानांची गुळगुळीत बिलं रद्दीत टाकू नका, त्या कागदावर रसायनाचा थर असतो. वेफर्स आणि बिस्किटांची चकचकीत पाकिटं ही खरी डोकेदुखी. त्यात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारात किंमत शून्य. ती टिप्परलाच द्यावी लागतात. गोणीत शेवटी उरतो तो बहुतेक हाच माल, आणि तो बघून घरात वेफर्स कमी यायला लागले. मुलांना हे आवडलेलं नाही.

प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र खरंच घटल्या. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगला बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकचे चमचे, प्लेटा, स्ट्रॉही बंद. बाजारात पातळ पिशवी अजून हळूच पुढं येते. ‘ताई, पिशवी नाही आणली?’ असं विचारत भाजीवाली ती काढते, तेव्हा आपणच नको म्हणावं लागतं.

तिसरा डबा. बहुतेक घरांत हा नसतोच, आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचा हाच. सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळूनच द्यायचे, असं नियमातच आहे. मी कागदात गुंडाळून वरून लाल पेनने फुली मारते. उघडं टाकलेलं पॅड टिप्परवर उभी असलेली बाई हाताने बाजूला करते, हे आपण एकदा गॅलरीतून बघावं. त्याच डब्यात मुदत संपलेली औषधं, सेल, सुया, वापरलेल्या पट्ट्या, पाऱ्याचा फुटका थर्मामीटर. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, ते फोडायचे नाहीत, मूळ खोक्यात अख्खे द्यायचे. घरात मधुमेहाची इंजेक्शनं असतील तर सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, झाकण लावून. जुना मोबाइल, चार्जर यात टाकू नका, ते ई-कचऱ्याचं वेगळं काम.

अपार्टमेंटमधला अनुभव संमिश्र. चार घरं वेगळं करून देतात, दोन घरं सगळं एका काळ्या पिशवीत बांधून सकाळी जिन्यात ठेवतात. बैठकीत यावर बरीच गरमागरमी झाली. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘शेवटी सगळं झूमवरच जाणार, मग घरात कशाला एवढी उठाठेव?’ झूम म्हणजे कसबा बावड्याकडचा, लाइन बाजारातला कचरा प्रकल्प. काकांचं म्हणणं मला पटत नाही. तिथं मिसळून गेलेलं खरकटं ना नीट खत होतं, ना त्यातलं प्लॅस्टिक विकलं जातं, नुसता ढीग वाढतो. पण वाद घालून फरक पडला नाही. फरक पडला तो टिप्परवरच्या मावशींमुळे. त्यांनी एकदा काळी पिशवी तिथंच उघडून काकांना दाखवली, ‘मामा, ह्यात हात घालायचा का आम्ही?’ एवढंच. तेव्हापासून त्यांच्याकडून निदान ओलं वेगळं येतं. दुसरं घर अजून तसंच आहे.

सणावारांचा वेगळा धडा. गणपतीत हार, दुर्वा, केळीचे खांब यांनी ओला कचरा दुप्पट होतो. निर्माल्य पंचगंगेत सोडायचं नाही हे आता कोल्हापुरात बऱ्यापैकी रुजलं आहे, पण ते देण्याआधी हारातला दोरा, जर आणि थर्माकोलचे मणी काढावे लागतात, नाहीतर त्याचं खत होत नाही. आमच्या गल्लीतल्या तालीम मंडळाच्या महाप्रसादाला मी आधी विचारलं होतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना नसलेल्या जागी शंभरापेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करायचा. पोरांनी ऐकलं, कळवलंही. वाढताना द्रोण-पत्रावळी एका पिंपात आणि पाण्याचे ग्लास दुसऱ्यात असं ठेवलं. पहिल्या पंगतीत जमलं, चौथ्या पंगतीला सगळं पुन्हा एकत्र. पुढच्या वेळी पिंपाशेजारी कोणीतरी उभं राहायला हवं, पाट्या कोणी वाचत नाही.

खर्च म्हणाल तर जाळी, बादली आणि भुस्सा यापलीकडे काही नाही. कंपोस्ट डबा नसता घेतला तरी चाललं असतं, भोकं पाडलेली रंगाची रिकामी बादली तेच काम करते. वेळ सकाळी दहा मिनिटं आणि पिशव्या वाळत घालायची कटकट. नोकरीमुळे टिप्परच्या वेळेला घरी नसाल तर ओलं जिन्यात ठेवण्यापेक्षा शेजारी कोणाशी ठरवून घ्या. आमच्याकडे दोन घरांचं असं चालतं. घरात तान्हं बाळ असेल, डायपर रोजचे असतील, तर तिसरा डबा मोठाच घ्या. आणि खत करायचं मनात असेल तर सुरुवात पावसाळ्यात करू नका, दिवाळीनंतर करा. तेव्हा हवा कोरडी असते आणि जूनपर्यंत हात बसलेला असतो.