कार्डावर तारीख 2023 ची होती, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो

मी आर्वी तालुक्यातला निवृत्त शिक्षक. मुलाने स्पॉन्सर केलं आणि जून 2018 मध्ये आम्ही दोघं नवरा-बायको पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, घेऊन कॅनडाला गेलो. जुलै 2019 मध्ये आईला लकवा मारला, तसे परत आलो. मग कोरोना आला, आई गेली, आणि वावर पाहायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

2021 च्या शेवटी नागपूरच्या एका एजंटाला विचारलं. त्याने पीआर कार्डावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "गुरुजी, 2023 पर्यंत व्हॅलिड आहे, बिनघोर राहा." या सल्ल्याचे 15 हजार घेतले. आम्ही बुडालो ते इथेच. ती तारीख फक्त कार्डाची मुदत असते. पीआर टिकवायला पाच वर्षांत किमान 730 दिवस कॅनडात राहावं लागतं, सलग नसले तरी चालतात. आमचे 410 झाले होते. जुलै 2022 पर्यंत गेलो असतो तर उरलेले 320 आरामात भरले असते. वेळ हातात होता, हेच सलतं.

2023 मध्ये पुन्हा त्याच्याकडेच गेलो. म्हणाला, कॅनडाच्या कंपनीने बाहेरदेशी कामाला पाठवलं तर ते दिवस धरतात. नियम खरा आहे, पण खऱ्या नोकरीसाठी. त्याने माझ्या नावाचं पत्रच आणून दिलं: मी म्हणे एका कॅनडियन कंपनीचा विदर्भातला कापूस खरेदी अधिकारी! त्या वर्षीच्या कापसाचे 1 लाख 40 हजार त्याला नगदी मोजले होते. पावती नाही.

मुलाने व्हिडिओ कॉलवर पत्र कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. माझ्या आडनावाचं स्पेलिंगही चुकलेलं होतं. "बाबा, यावर सही करू नका. खोटे कागद पकडले गेले तर पाच वर्षं बंदी लागते." ही बसली ती उठेचना. नातवाला अजून मांडीवर घेतलं नव्हतं तिनं.

ते पत्र आम्ही दिलं नाही. आईच्या दवाखान्याचे कागद लावून, दिवस कमी आहेत हे कबूल करून प्रवास दस्तऐवजासाठी (चालू कार्ड नसताना पीआरवाल्याला कॅनडात परतायला लागणारा कागद) अर्ज केला. नाकारला गेला. पण नकार आला म्हणजे पीआर लगेच जात नाही, 60 दिवसांत अपील करता येतं. हे एजंटाने कधी सांगितलंच नव्हतं.

कोणाच्या घरी असं कार्ड असेल तर आज पासपोर्टवरचे शिक्के काढून दिवस मोजा. पैसे देण्याआधी सल्लागाराचं नाव कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजच्या (म्हणजे त्यांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या) यादीत शोधा, ती इंटरनेटवर फुकट पाहता येते. आमच्या माणसाचं नाव त्यात नव्हतं. त्याच्या ऑफिसला आता कुलूप आहे. ठाण्यात तक्रार दिली आहे, आणि अपील 41 व्या दिवशी दाखल केलं.