सुट्टीचा शेवटचा दिवस: रत्नागिरी गावात की पुन्हा गणपतीपुळ्याला?

सकाळी दहाला खोली सोडायची आणि गाडी रात्रीची, कोकणकन्या नाहीतर तुतारी. मधले बारा तास मोकळे, पण सोबत दोन बॅगा, कोकमाच्या आगळाची बाटली आणि कालच्या वाळूने भरलेल्या चपला. कोकणच्या सहलीचा शेवटचा दिवस बहुतेकांचा रत्नागिरीत जातो, कारण स्टेशन इथं. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "पुळ्याला जाऊन येऊ, पुन्हा कधी योग येणार?" दुसरा म्हणतो, "गावातच बघू काहीतरी, पळापळ नको." मी दोन्ही करून बसले आहे, पुळं दोनदा आणि गाव तीनदा. माझा कल कुणीकडे आहे ते लपणार नाही, पण आधी पुळ्याची बाजू, कारण ती कमकुवत अजिबात नाही.

आरे-वारेमार्गे गणपतीपुळं पंचवीसेक किलोमीटर. तास धरा, आणि आरे-वाऱ्याच्या वळणावर थांबण्याचा वेळ वेगळा धरा. तिथं वरून दोन्ही पुळणी एकदम दिसतात आणि ड्रायव्हर न सांगताच गाडी बाजूला घेतो. नुसता हा रस्ता बघायला मी पुन्हा जाईन. पुढे पुळ्यात देऊळ अगदी समुद्राला लागून, देव पश्चिमेकडे तोंड करून बसलेला. डोंगरच देव मानलेला असल्यामुळे प्रदक्षिणाही सबंध डोंगराला घालायची, किलोमीटरभर, अनवाणी. सकाळी आठला ही प्रदक्षिणा म्हणजे सुख असतं, एका बाजूला झाडी आणि दुसरीकडून लाटांचा आवाज. आम्ही मे महिन्यात दुपारी बाराला घातली. सासूबाईंनी पंचा भिजवून आणला, तो पुढे टाकायचा, त्यावर दोन पावलं, मग उचलून पुन्हा पुढे. अर्धी प्रदक्षिणा अशी झाली. उरलेली अर्धी त्यांनी पळत घातली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी.

पुळ्याला जाणाऱ्याने मालगुंड सोडू नये. जेमतेम दोन किलोमीटरवर केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे. कौलारू घर, शेणाने सारवलेली जमीन, आणि आत गेलं की आपोआप आवाज खाली येतो. रात्री जी तुतारी एक्सप्रेस पकडायची, तिचं नाव त्यांच्याच कवितेवरून पडलंय. पूर्वी ती राज्यराणी होती, 2017 मध्ये नाव बदललं. मुलांना हे सांगितलं की रात्री डब्यावरची पाटी ती स्वतःहून वाचतात.

मग बिघडतं कुठे? परतीला. आमच्या दुसऱ्या फेरीच्या दिवशी संकष्टी होती, हे आम्हाला तिथं पोचून रांग बघितल्यावर कळलं. रांगेत दोन तास गेले, जेवायला पाऊण तास थांबलो. येताना शेअर रिक्षाने आलो होतो, जाताना एकही रिकामी मिळेना. शेवटी जी गाडी मिळाली ती निवळीच्या लांबच्या रस्त्याने निघाली आणि हायवेवर ट्रकांच्या मागे अडकली. स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडीची घोषणा होत होती. रात्रीचं जेवण म्हणजे फलाटावरचे दोन वडापाव, चौघांत. चार दिवसांच्या सुट्टीतलं मुलांना अजून आठवतं ते हेच.

त्या दिवसापासून मी शेवटच्या दिवसाला एकच कसोटी लावते: हा बेत मधेच सोडून देता येतो का? पुळ्याचा येत नाही. एकदा निघालात की दर्शन, जेवण, परतीचं वाहन सगळं एका दोरीत ओवलेलं, एक मणी अडकला की सगळे अडकतात. गावातला दिवस मात्र कुठल्याही नाक्यावर तोडता येतो. पाय दुखले की रिक्षा करा, ऊन वाढलं की खानावळीत बसा. स्टेशन कुठूनही सहा-सात किलोमीटरच्या आसपास.

गावात बघण्यासारखं काय, हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी आधी थिबा राजवाड्यात नेते. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. 1885 मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी राणी आणि मुलींसकट त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. का, तर त्या काळी इथं पोचणंच इतकं जिकिरीचं होतं की पळून जाण्याची भीती नव्हती. हा वाडा त्याला मिळाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये तो वारला. म्हणजे चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यांत काढली आणि स्वतःच्या वाड्यात सहा. तांबड्या विटांची इमारत, उतरत्या छपरांची, लाकडी नक्षीची, कोकणात कुठेच न शोभणारी आणि तरी इथलीच वाटणारी. वर रंगीत काचांची अर्धगोल खिडकी आहे. उन्हाच्या वेळी तिच्यातून पडलेला लाल-निळा चट्टा फरशीवर सरकत जातो, तो बघत जरा थांबा. आतलं वस्तुसंग्रहालय लहान आहे आणि पाट्या रुक्ष, पण वाड्यासाठी तासभर सहज जातो. राजाची थोरली मुलगी परत रत्नागिरीत आली आणि तिची मुलगी टूटू इथंच मराठी बोलत म्हातारी झाली. थिबाची समाधी गावातच आहे. सोमवारी संग्रहालय बंद असतं, आणि तुमचा शेवटचा दिवस सोमवार असेल तर माझ्या बाजूचं अर्धं वजन तिथंच उतरतं.

बाकीची ठिकाणं याच्यापुढे लहान आहेत, पण जवळजवळ आहेत. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर (जन्म 1856 चा), वीस मिनिटांत बघून होतं. पतितपावन मंदिर 1931 चं, सावरकरांच्या पुढाकाराने दानशूर भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत जाता येईल असं देऊळ त्या काळात उभं करणं सोपं नव्हतं. आत गेल्यावर मात्र ते साधं देऊळच वाटतं, त्यामुळे हा इतिहास मुलांना दारातच सांगून टाका. लहान मुलं बरोबर असतील तर झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रातलं मत्स्यालय दुपारच्या उन्हाला उत्तम. तिथला देवमाशाचा सांगाडा बघितला की "कंटाळा आला" हे वाक्य तासभर ऐकू येत नाही.

दुपारचं जेवण हा गावाचा सरळ विजय आहे. पुळ्यात शाकाहारी थाळी आणि उकडीचे मोदक चांगले मिळतात, पण गर्दीच्या दिवशी टेबलासाठी उभं राहावं लागतं. रत्नागिरीत मिरकरवाड्याचं बंदर आहे, त्यामुळे बांगडा, सुरमई, मांदेली ताटात येईपर्यंत फार प्रवास झालेला नसतो. फक्त 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा ताजं म्हणून जे वाढतील त्यावर एक भुवई वर ठेवा.

चारनंतर रत्नदुर्ग. गाडी बरीच वरपर्यंत जाते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही जमतं. तिन्ही बाजूंनी पाणी, बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ. तटावरून खाली मिरकरवाड्यात परतणाऱ्या होड्या दिसतात. आधी समुद्रावर नुसते ठिपके, मग रंग कळतात, मग झेंडे. वाऱ्याची दिशा बदलली की सुक्या मासळीचा वासही वर येतो. तो ज्यांना चालत नाही त्यांनी दहा पावलं पलीकडे सरकावं.

सूर्यास्ताला मांडवी की भाट्ये, हा तंटा वेगळाच. मांडवी गावालगत, काळी वाळू, जेट्टी, भेळ, माणसांची वर्दळ. भाट्ये खाडीच्या पुलापलीकडे, लांबच लांब आणि मागे सुरूचं बन. घाईत असाल तर मांडवी, तास असेल तर भाट्ये. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, मे अखेर सातनंतर, त्याप्रमाणे किल्ला मागे-पुढे करा. पाण्यात पाय भिजवा, पण पोहायचं नाव काढू नका. पुळ्याच्या समुद्राबद्दल तर हे दुप्पट जोराने सांगते. तिथली ओढ फसवी आहे आणि सूचनांच्या पाट्या शोभेला लावलेल्या नाहीत.

तिसरा पर्याय पावसचा, आणि तो लोक उगाच विसरतात. भाट्ये पुलावरून दक्षिणेला, पुळ्यापेक्षा जवळ. स्वामी स्वरूपानंदांचं समाधिमंदिर, दुपारी खिचडीचा प्रसाद आणि शांतता. घरात वयस्कर माणसं असतील तर पुळ्याऐवजी सकाळी पावस आणि दुपारनंतर गाव, ही जोडी मला सगळ्यांत आवडते. जवळच गणेशगुळं आहे. "गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला" असं इकडे म्हणतात, त्यामुळे देवाचं मूळ घर बघितल्याचं समाधानही मिळतं.

तरीही पुळ्यालाच जावं असे लोक आहेत. ज्यांचं सहलीत पुळं झालेलंच नाही, ज्यांचा नवस आहे, आणि ज्यांनी दिवसभराची गाडी ठरवली आहे. बॅगा डिकीत राहतात, परतीचा घोर नाही. सकाळी सातला निघा, आधी कालनिर्णय उघडून संकष्टी बघा, आणि काही झालं तरी तीनला पुळं सोडा. आरे-वारे येताना बघा, जाताना नको, म्हणजे ऊन पाठीशी नसलं तरी वेळ हाताशी राहतो.

गावात राहणाऱ्यांची डोकेदुखी बॅगांची. एका लॉजच्या मालकांनी सकाळी "ठेवा की, काय बिघडलं" म्हटलं, आणि संध्याकाळी आलो तर शटर खाली. चावी मालकांच्या खिशात आणि मालक संगमेश्वरला लग्नात. पुतण्या मोटरसायकलवर चावी घेऊन येईपर्यंत आमचं राम आळीच्या बाजारातलं फिरणं बुडालं. तेव्हापासून मी संध्याकाळी तिथं कोण असणार ते नावानिशी विचारते.

खरेदी शेवटी ठेवा. आंबापोळी, फणसपोळी, काजू राम आळीत मिळतात आणि ओझं फक्त स्टेशनपर्यंतच वाहायचं. मेमध्ये आंब्याची पेटी घेणार असाल तर ती विक्रेत्याकडून सुतळीने बांधून घ्या आणि बर्थखाली आडवी ठेवू नका. आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड बॅगेत सगळ्यांत वर ठेवा. भाट्याला "फक्त पाय भिजवते" म्हणणारी प्रत्येक मुलगी कमरेपर्यंत भिजते, आणि कोकणकन्येच्या एसी डब्यात रात्रभर हुडहुडत झोपते.